बेसची नोट संपते कुठे?

(फक्त ड्रम्स आणि बेस, चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं)

हे ऐकलंत? आता पुन्हा ऐका.

(तीच ओळ, दुसऱ्यांदा)

प्लगिन, म्हणजे कॉम्प्युटरवर बेस गिटारचा आवाज देणारं सॉफ्टवेअर, तोच, सूर तेच, आवाजाची पातळीही तीच. मी फक्त प्रत्येक नोट कुठे थांबते ते बदललंय. मला आज खरं तर तेच दाखवायचंय, पण आधी प्लगिन बसवून घेऊ.

उदाहरणाला ॲम्पल बेस पी लाइट घेतलाय. तो मोफत आहे आणि फेंडरच्या प्रिसिजन बेसवर बेतलेला आहे, म्हणजे 1951 साली आलेली ती बेस गिटार. अशा प्लगिनचे दोन भाग असतात. एक प्लगिनची फाइल, दुसरं सॅम्पल्सचं फोल्डर. सॅम्पल्स म्हणजे खऱ्या बेसवर एकेक सूर हळू, जोरात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग. हे फोल्डर एकदा ठेवलं की उगाच हलवू नका. हलवलंत तर प्लगिन उघडेल, पण आवाज येणार नाही. प्लगिनच्या फाइलची (तिचा प्रकार व्हीएसटी3) जागा मात्र ठरलेली आहे. विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी3. प्लगिन यादीत दिसला नाही तर गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा स्कॅन करा.

कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतोय? बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, 512 वरून 128 वर आणा. 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पल्स (इथे सॅम्पल म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, आवाजाचं एकेक मोजमाप) म्हणजे साधारण 12 मिलिसेकंद, 128 म्हणजे 3.

आता वाजवू. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ई, साधारण 41 हर्ट्झ, मिडी नोट 28, म्हणजे कॉम्प्युटरसाठी त्या सुराचा नंबर. हिला काही सॉफ्टवेअर ई1 म्हणतात, काही ई0, म्हणून नावापेक्षा नंबर लक्षात ठेवा. या सुराच्या खालच्या पट्ट्या बहुतेक बेस प्लगिनमध्ये कीस्विच असतात. त्या सूर देत नाहीत, वाजवण्याची पद्धत बदलतात. गाण्याच्या मध्येच बेस अचानक दबका झाला, तर चुकून एखादी नोट तिथे पडली आहे का, ते आधी बघा. आणि हे सगळं हेडफोनवर ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. तिथे आपण त्याच सुराबरोबर उमटणारे वरचे 82, 123 हर्ट्झ ऐकून मूळ सूर मनानेच भरून काढतो.

आता पियानो रोल बघा, म्हणजे नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात ती खिडकी.

(स्क्रीन मोठी)

या नोटा एकमेकींना चिकटलेल्या दिसतायत? माउसने काढल्या की अशाच येतात. बेस वाजवणारा माणूस मात्र दर वेळी तारेवरचं बोट सैल करतो, तार दाबून गप्प करतो. ती क्षणभराची शांतता इथे नाहीच. शिवाय ही नोट बघा, पुढच्या नोटेवर थोडी चढलीय. बऱ्याच प्लगिनना हा लेगाटोचा, म्हणजे सूर जोडून वाजवण्याचा इशारा वाटतो. मग पुढचा सूर नव्याने छेडलाच जात नाही, हॅमर-ऑनसारखा, म्हणजे नुसतं बोट तारेवर आपटून काढल्यासारखा येतो, आणि किकबरोबर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर, जो ठोका हवा होता तो हरवतो. ग्रूव्ह, म्हणजे तालाची पकड, ढिली का वाटतेय म्हणून आपण कंप्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट, लावत बसतो, आणि चूक इथे असते.

तर आधी सगळ्या ओव्हरलॅप काढा. मग ज्या नोटा स्नेअरच्या (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) ठोक्यावरून जातात, त्या स्नेअरच्या थोड्या आधी कापा. बेस थांबला की स्नेअरचा आवाज मोठा वाटतो, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, न हलवता. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्क झालो होतो. सगळ्याच नोटा कापू नका. कडव्याकडे नेणारी शेवटची नोट लांब राहू द्या, ती ओढ हवी असते.

व्हेलॉसिटी, म्हणजे नोट किती जोरात वाजते तो आकडा, सगळीकडे 127 ठेवू नका. 80 ते 100 च्या मध्ये खेळा, बारच्या पहिल्या ठोक्याला थोडी जास्त द्या.

आता किक आणि बेस सोडून सगळं म्यूट करतो. आधीची ओळ, आणि लगेच कापलेली.

(दोन्ही ओळी लागोपाठ)