बर्फावरचा नाद

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्याला लागणारा बर्फ आपल्या कोल्हापुरात फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो. अल्पाइन स्नोबोर्डिंग!

टीव्हीवर हवेत कोलांट्या मारणारी पोरं दिसतात, ती वेगळी. ही शर्यत आहे. उतारावर शेजारी-शेजारी दोन वाटा आखलेल्या, एक लाल झेंड्यांची, एक निळ्या. दोन्ही पाय एकाच लांब, अरुंद फळीवर जखडलेले. फळीची धारदार कड बर्फात रुतवत प्रत्येक झेंड्याला वळसा घालायचा. पात्रता फेरीत दोन्ही वाटांवर एकेक धाव, वेळेची बेरीज, आणि पहिले सोळा पुढे. तिथून पुढं मात्र खासबागेतल्या कुस्तीच्या जोडीसारखं, समोरच्याला हरवा नाहीतर घरी जा. एका वळणावर कड निसटली, की पुढच्या ऑलिम्पिकची चार वर्षं वाट बघायची.

चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्कानं २०१८ साली प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कमाल केली. वय २२. आधी स्कीइंगच्या सुपर-जी नावाच्या वेगाच्या शर्यतीत ०.०१ सेकंदानं सुवर्ण, आणि आठवड्याभरानं स्नोबोर्डवर दुसरं. २०२२ ला बीजिंगमध्ये स्नोबोर्डचं पुन्हा तिचंच. पण लेडेत्स्का म्हणजे अपवाद. ऑस्ट्रियाचा बेंजामिन कार्ल बघा. २०१० ला रौप्य, २०१४ ला कांस्य, आणि ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्ण २०२२ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी. त्याच शर्यतीत इटलीचा रोलांड फिशनालर ४१ व्या वर्षी उतरला होता.

आता प्रश्न असा, की विशीतल्या पोराला तिथवर पोसायचं कुणी? हिवाळाभर या देशातून त्या देशात, सोबत फळ्यांचं ओझं, शर्यतीआधी कडांना धार लावणं आणि मेण घासणं. उन्हाळ्यात बर्फ हवा म्हणून ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सच्या हिमनदीवर जायचं. त्यात खेळाचाच भरवसा नाही. पॅरलल स्लॅलम हा याच शर्यतीचा जवळजवळच्या झेंड्यांचा प्रकार २०१४ ला ऑलिम्पिकमध्ये आला आणि पुढच्या खेपेला गायबही झाला. म्हणून इटलीत लष्कर आणि पोलीस आपल्या क्रीडा पथकात खेळाडूला घेतात, पगार देतात. आपल्याला यात नवल नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, आणि आपल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता म्हणूनच २०२४ च्या पॅरिसपर्यंत बंदूक धरून राहू शकला, असं मला वाटतं. अंगातली रग लागतेच, पण दर महिन्याला पगार होणं ही त्याहून मोठी गोष्ट. हे आपले क्रीडाप्रेमी भाषणात सहसा सांगत नाहीत.

एखाद्या घरात पोरीनं हा हट्ट धरलाच, तर आई-बाबांनो, लगेच नाही म्हणू नका. गुलमर्गला आणि औलीला शिकता येतं. गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत २०२० पासून स्नोबोर्डही आहे. शर्यतीची कडक बुटांची फळी नंतर बघू, आधी मऊ बुटांच्या साध्या बोर्डवर पडायला आणि उठायला शिकू द्या. सुट्टीत तिथं जायच्या आधीचे महिने मात्र वाया घालवू नका. या खेळात सगळा भार मांड्यांवर येतो, आणि बैठका मारायला गल्लीतली तालीम आहेच.