सोमवारी दिल्ली बंद असते

[दृश्य: नवी दिल्ली स्थानक, सकाळ. बॅगा, पिशव्या, लाडवांचा डबा.]

सेमिस्टरची सुट्टी लागते आणि घरून फोन येतो: "आठवडाभर येतोय, सगळं दाखव." मुखर्जीनगरात किंवा राजेंद्रनगरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दिल्ली माहीत असते ती क्लासची, लायब्ररीची आणि मेसची. आईबाबांना दाखवायच्या दिल्लीचं वेळापत्रक करायचं, तर आधी कॅलेंडरमधला सोमवार शोधावा.

सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, सगळी बंद. राष्ट्रपती भवनाची फेरी नाही. सरोजिनीनगर आणि करोलबागच्या बाजारांनाही त्याच दिवशी सुट्टी. रविवारी गाडीतून उतरलेली मंडळी दुसऱ्या दिवशी उत्साहाने लाल किल्ल्यावर गेली, की बाहेरून फोटो काढून परततात. शुक्रवारी प्राणिसंग्रहालय बंद आणि तिकडे आग्र्याला ताजमहालही.

मग सोमवारी काय पाहायचं? कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. ही दोन्ही ठिकाणं आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात.

[दृश्य: कुतुबमिनार, खालून वर.]

मिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे. आत 379 पायऱ्या आहेत, पण 1981 मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून पर्यटकांना वर सोडत नाहीत. हे घरूनच सांगून ठेवावं, नाहीतर "वर जायचा रस्ता कुठे?" हा प्रश्न प्रत्येक कमानीपाशी येतो. मेट्रो स्थानकाचं नावही कुतुबमिनारच आहे, पण मिनार तिथून बराच लांब. त्या अंतरासाठी रिक्षाच करावी, पाय आतल्या फिरण्यासाठी राखावेत. हुमायूनच्या कबरीला प्रश्न गुडघ्यांचा. चौथऱ्यावर नेणारा जिना उंच पायऱ्यांचा आणि चढाचा आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांना खाली बागेत, सावलीत बसवावं. कबर तिथूनही पूर्ण दिसते, खरं तर जास्त चांगली दिसते.

[दृश्य: मेट्रोचं प्रवेशद्वार, रांग.]

मेट्रोत पाहुणे अडतात ते दारातच. स्मार्ट कार्ड माणशी एक लागतं. मुलगा स्वतःचं कार्ड टेकवून आत जातो आणि तेच मागे आईच्या हातात देतो, तेव्हा दार उघडत नाही, कारण त्या कार्डावर एक प्रवास आधीच सुरू झालेला असतो. क्यूआर तिकिटाचंही तसंच, प्रत्येकाचा कोड वेगळा. कार्डावर भाड्यात दहा टक्के सूट मिळते, त्यामुळे आठवड्यासाठी कार्ड परवडतं. शिवाय प्रत्येकाची झडती होते आणि प्रत्येक बॅग यंत्रातून जाते. ऑफिसच्या वेळी राजीव चौकात पिवळी लाइन सोडून निळी पकडताना गर्दीत हात सुटतात. सकाळी दहानंतर निघावं आणि संध्याकाळी पाचच्या आत परतीला लागावं.

[दृश्य: लाल किल्ला, दिवाण-ए-खास.]

जुन्या दिल्लीला पूर्ण दिवस द्यावा. व्हायोलेट लाइनवर लाल किल्ला आणि जामा मशीद ही लागोपाठची स्थानकं आहेत. मशिदीत नमाजच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून आधी किल्ला. शाहजहानचा हा किल्ला 1648 मध्ये पुरा झाला. छत्ता बाजारातल्या दुकानांत बरीच मंडळी इतकी रेंगाळतात, की दिवाण-ए-खासपर्यंत पोचेतो पाय बोलू लागतात. पण मराठी माणसाने पोचायचं तिथेच. या दालनाच्या छताला चांदीचा पत्रा होता. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी तो उतरवून आटवला आणि त्याची नाणी पाडली, कारण फौजेचा खर्च भागत नव्हता. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. हे माहीत नसलं, तर वरचं रंगवलेलं छत पाहून माणूस पुढे जातो. माहीत असलं, की बाबा तिथून हलत नाहीत, आणि त्यांना हलवूही नये.

दिल्लीतल्या मराठी खुणा याच धाग्याने पुढे पाहता येतात. तालकटोऱ्याच्या परिसरात 1737 मध्ये बाजीराव पेशव्यांची फौज मुघल फौजेशी लढली. तिथल्याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये 98 वं मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथे पाहण्यासारखं फारसं नाही, पण रस्त्यात लागलं तर दाखवायला हरकत नाही.

राष्ट्रपती भवनाची नोंदणी मात्र गाडीच्या तिकिटाबरोबरच करावी. ती संकेतस्थळावर होते, वेळ ठरवून मिळते आणि जाताना ओळखपत्र लागतं. सुट्ट्यांच्या दिवसांत ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. तिथून इंडिया गेट कर्तव्यपथावर समोर दिसतं आणि जवळ वाटतं. अंतर जवळपास तीन किलोमीटर आहे, उन्हात चालायचं नाही. राष्ट्रीय संग्रहालय त्याच भागात, जनपथावर. तिथे मोहेंजोदडोची नर्तकी शोधताना बरेच जण तिच्यावरून पुढे जातात, कारण पुस्तकातल्या फोटोवरून मोठी मूर्ती डोक्यात असते. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटीमीटरची आहे.

[दृश्य: अक्षरधामबाहेरची रांग.]

अक्षरधामला आत मोबाइल, कॅमेरा, बॅग यांतलं काहीच नेता येत नाही. सगळं बाहेर जमा करायचं, त्याची वेगळी रांग, परत घ्यायची वेगळी. त्यामुळे घोटाळा होतो तो आत. चुकामूक झाली तर फोन करता येत नाही. रांगेत उभं असतानाच भेटायची जागा आणि वेळ ठरवावी, आणि थोडे सुटे पैसे प्रत्येकाच्या खिशात असावेत.

आग्रा एका दिवसात होतं. गतिमान एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटते आणि साधारण पावणेदोन तासांत आग्रा कँटला पोचते. तीही शुक्रवारी नसते, म्हणजे चूक करायची म्हटली तरी गाडीच अडवते. डब्यातल्या दशम्या ताजमहालात नेता येत नाहीत, त्या गाडीतच संपवाव्यात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छोले-पराठ्यांचा कंटाळा येतोच. महाराष्ट्र सदनं दोन आहेत, कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं आणि कोपर्निकस मार्गावरचं जुनं. जेवणाच्या वेळा फोन करून विचाराव्यात आणि रिक्षावाल्याला मार्गाचं नाव सांगावं, नुसतं सदन नव्हे.

मुक्कामाचं सांगायचं तर, पीजीत पाहुण्यांना रात्री राहू देतील असं धरून चालू नये. विद्यापीठांची अतिथिगृहं असतात, अर्ज आधी करावा लागतो. हॉटेल घ्यायचं तर मेट्रोच्या चालत्या अंतरावर. दिवाळीच्या सुट्टीत येणार असतील, तर हवा वर्षातली सर्वांत वाईट असते. दम्याचा त्रास असेल त्यांनी फेब्रुवारीतच यावं.

[दृश्य: धुक्यातला फलाट.]

परतीच्या दिवशी आधी तिकिटावरचं स्थानक वाचावं. नवी दिल्ली आणि हजरत निजामुद्दीन ही दोन वेगळी स्थानकं आहेत. नवी दिल्लीलाही दोन बाजू आहेत. मेट्रो अजमेरी गेटकडे उतरवते, तिकडे सोळा नंबरचा फलाट; एक नंबर पहाडगंजच्या बाजूला. बॅगा घेऊन पूल ओलांडायला वीस मिनिटं धरावीत. बाहेर कोणी "गाडी रद्द झाली, तिकीट ऑफिस हलवलंय" म्हणत जवळ आलं, तर थांबायचं नाही, फलकावर गाडीचा नंबर पाहायचा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा सुटतात. तेव्हा खोली सोडण्याआधी गाडी कुठवर आली ते पाहावं, आणि उशीर असेल तर हॉटेलवाल्याकडे दुपारपर्यंतची सवलत सकाळीच मागून ठेवावी.