कार्बन पकडायचा, पण वाफ कुणाची?

नमस्कार. कोळशावरच्या जुन्या वीज केंद्राला धुरातला कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू) पकडणारी यंत्रणा जोडायची म्हणजे चिमणीला गाळणी लावायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर केंद्राशेजारी अख्खा रसायन कारखाना उभा राहतो, आणि त्याला वाफ लागते.

कॅनडात एस्टेव्हन गावाजवळ बाउंड्री डॅम केंद्र आहे. त्याच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ पासून अशी यंत्रणा चालते. धूर थंड करून मनोऱ्यात खालून सोडतात, वरून अमाइन या रसायनाचं द्रावण झिरपत येतं. धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १५ टक्के, तेवढाच अमाइन धरून ठेवतं. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांच्या आसपास तापवायचं, की वायू सुटतो आणि अमाइन पुन्हा कामाला लागतं.

हे तापवणं महाग पडतं. त्यासाठीची वाफ टर्बाइनच्याच वाट्याची. शिवाय सुटलेला वायू दाबायला कॉम्प्रेसर, त्यालाही वीज. हा संच आधी १३९ मेगावॉट वीज बाहेर द्यायचा, आता ११०च्या आसपास देतो. तीही टर्बाइन नवी बसवून!

अमेरिकेत टेक्सासच्या पेट्रा नोव्हा या अशाच प्रकल्पात वाफेसाठी गॅसवरचा वेगळा संच लावला. पण पकडलेला वायू जायचा तेलविहिरीत, उरलंसुरलं तेल वर ढकलायला. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले आणि प्रकल्प बंद झाला, तो २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. मला हे फार खटकतं. हवा वाचवायचं काम तेलाच्या भावावर टांगून कसं चालेल?

आता राखेकडे या. बाउंड्री डॅमला धुरातली बारीक राख अमाइनमध्ये शिरली, द्रावण खराब झालं, यंत्रं तुंबली. आपल्याकडच्या कोळशात तर राखच ३० ते ४० टक्के. त्यामुळे चंद्रपूरसारख्या ठिकाणी हे कुणी करायचं म्हटलं, तर अमाइनच्या आधी राख आणि सल्फर डायऑक्साइड खूप बारकाईने काढावे लागतील. कारण सल्फरही अमाइन नासवतो. आणि ही राख, हा सल्फर आज तिथल्या माणसांच्या छातीत जातोय. ती सफाई कार्बनच्या यंत्रणेची वाट न पाहता आधी व्हायला हवी.