देवमासा फिरकेनासा झाला तेव्हा

कॅनडाच्या उत्तरेकडील सॉमरसेट बेटाच्या किनाऱ्यावर देवमाशांचे जबडे आणि बरगड्या आजही जमिनीतून डोकावतात. हे घरांचे वासे होते. जिथे झाड उगवत नाही, अशा या प्रदेशात आजच्या इन्युइटांचे पूर्वज असलेल्या थुले लोकांनी हाडांच्या सांगाड्यावर कातडी आणि मातीची ढेपे रचून हिवाळी घरे उभारली होती.

हे लोक साधारणपणे 1200 नंतर अलास्कातून पूर्वेकडे पसरले. उबदार काळात समुद्र मोकळा झाला आणि देवमाशांच्या मागोमाग माणसे गेली, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. ग्रीनलंडकडील लोखंडाचीही ओढ त्यामागे असावी, हे अलीकडचे मत मात्र अधिक पटण्यासारखे आहे. कातड्याच्या उमियाक नावेतून अनेकांनी मिळून मारलेला एक बोहेड देवमासा गावाला हिवाळाभराचे अन्न आणि दिव्यांचे तेल पुरवी, त्यामुळे एका जागी वस्ती करून राहता येई.

पुढील शतकांत लघु हिमयुगाची थंडी वाढत गेली, बेटांमधल्या सामुद्रधुन्या उन्हाळ्यातही बर्फाने अडू लागल्या आणि श्वासासाठी मोकळे पाणी लागणारा देवमासा तिकडे फिरकेनासा झाला. अतिउत्तरेची कित्येक बेटे ओस पडली. रिंग्ड सील हा समुद्री सस्तन प्राणी मात्र गोठलेल्या समुद्राखालीच हिवाळा काढतो आणि नख्यांनी बर्फ खरवडून श्वासासाठी अनेक भोके उघडी राखतो. हिमाखाली दडलेली ही भोके कुत्री वासावरून शोधत, आणि शिकारी हारपून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, घेऊन तिथे तासन्‌तास निश्चल उभे राहत. भोके अनेक असल्याने माणसेही अनेक लागत. नेत्सिलिक इन्युइटांमध्ये तर मारलेल्या सीलचा कोणता भाग कोणत्या वाटेकऱ्याचा, हेही ठरलेले असे. सील विरळ झाले की मुक्काम हलवावा लागे, म्हणून हाडांची घरे मागे पडली आणि हिमाच्या ठोकळ्यांची घरे थेट गोठलेल्या समुद्रावर उभी राहू लागली. अशी घरे बांधण्याचे कसब जुनेच होते. हिवाळाभर त्यांत राहण्याची वेळ आता आली.

सगळीकडे असे घडले नाही. अलास्कातील पॉइंट होप आणि उत्कियाग्विक येथे देवमासे किनाऱ्याजवळून जातच राहिले, आणि तेथील शिकार आजही चालू आहे. वायव्य ग्रीनलंडमधील लोक मात्र इतरांपासून तुटले आणि कयाक (एका माणसाची कातड्याची होडी) व धनुष्य बनवण्याची विद्याच गमावून बसले. साथीच्या रोगात जाणती माणसे गेली, असे ते सांगत. 1860च्या दशकात बॅफिन बेटाकडून कित्लाक नावाच्या म्होरक्याबरोबर आलेल्या इन्युइटांनी त्यांना कयाक बांधायला, धनुष्याने कॅरिबू (रानटी रेनडिअर) मारायला आणि भाल्याने नदीतले मासे टिपायला पुन्हा शिकवले.