मास्तरची वही आणि सेथची शाई

श्रोतेहो, नमस्कार.

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या कादंबरीतल्या सगळ्यात क्रूर माणसाला लेखिकेने नाव दिलेलं नाही. पुस्तकभर तो नुसता 'शाळामास्तर' आहे. मी स्वतः फळ्यापुढे उभी राहून शिकवणारी बाई, त्यामुळे हा माणूस मला स्वस्थपणे पुस्तक वाचू देत नाही. वर्गातल्या मुलांचं तसं नसतं. त्यांचा पहिला प्रश्न भुताबद्दल असतो. पाण्यातून चालत बाहेर येऊन नायिका सेथच्या घरी राहणारी ती तरुणी म्हणजे खरंच तिचं मेलेलं बाळ, की कुणी वाट चुकलेली परकी मुलगी? प्रश्न चांगला आहे, पण लेखिकेने तो मुद्दामच उघडा ठेवलाय, म्हणून मी त्यावर तास घालवत नाही. मी मुलांना शाळामास्तरच्या वहीकडे नेते. आज तुम्हालाही तिकडेच घेऊन जाणार आहे.

कथा थोडक्यात सांगते. साल १८७३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या कडेला, ब्लूस्टोन रोडवरचं १२४ नंबरचं घर. गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षं झालीत. घरात सेथ आणि तिची अठरा वर्षांची मुलगी डेन्व्हर राहतात. त्यांच्याबरोबर एक बाळही राहतं, जे जिवंत नाही. ते आरसे फोडतं, केकवर हाताचे ठसे उमटवतं. सेथचे दोन मुलगे या जाचाला कंटाळून कधीच पळून गेलेत. अठरा वर्षांपूर्वी सेथ केंटकीतल्या 'स्वीट होम' नावाच्या मळ्यावरून पळाली, तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. डेन्व्हर वाटेत नदीवरच जन्मली. नदीपलीकडे, सासूच्या घरी, सेथला मोकळ्या हवेतले २८ दिवस मिळाले. मग मालक शोधत आला. सेथने चारही मुलांना खोपटात नेलं आणि एका मुलीचा गळा कापला. उरलेली तिघं वाचली.

या गोष्टीमागे खरी घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोचली. पकडणारे दारात आले तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारलं. मॉरिसनबाई रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. १९७४ साली निघालेल्या 'द ब्लॅक बुक' या संकलनावर काम करताना त्यांच्या हाती या घटनेचं जुनं कात्रण लागलं. कादंबरी आली १९८७ मध्ये. पुढच्या वर्षी पुलित्झर आणि १९९३ मध्ये बाईंना नोबेल मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मार्गारेटच्या प्रकरणात कोर्टात झालेला वाद मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. गुलामगिरीविरुद्ध लढणारी मंडळी म्हणत होती, हिच्यावर इथेच, ओहायोत, खुनाचा खटला चालवा. तिचे हितचिंतकच तिच्यासाठी खुनाचा आरोप मागत होते! ऐकायला विचित्र वाटतं, पण खुनाचा आरोप माणसावरच ठेवता येतो. मालकाची बाजू पळालेले गुलाम परत देण्याच्या १८५० च्या कायद्यावर उभी होती, की ही माझी पळालेली मालमत्ता आहे, मला परत द्या. कोर्टाने तिला परत दिलं. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, ती टायफॉइडने गेली.

माणूस की मालमत्ता, हा कोर्टातला वाद मॉरिसनबाईंनी उचलला आणि एका वहीच्या पानावर नेऊन ठेवला.

स्वीट होमचा आधीचा मालक स्वतःला भला समजायचा. आपल्या गुलामांना तो 'पुरुष' म्हणायचा, याचा त्याला अभिमान होता. तो मेला आणि त्याच्या विधवेने कारभार बघायला नात्यातल्या या शाळामास्तरला बोलावलं. बरोबर दोन भाचे आले. बुटका माणूस, शेतातही कॉलर घालणारा, हळू आवाजात बोलणारा. तो गुलामांना प्रश्न विचारायचा आणि उत्तरं लिहून घ्यायचा. दोरीने त्यांची डोकी मोजायचा, दात मोजायचा. सेथला आधी वाटलं, हा खुळाच आहे.

तो खुळा नव्हता. त्याच्या काळातलं 'शास्त्र' तो करत होता. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन कवट्यांत आधी बिया आणि नंतर शिशाचे छर्रे भरून त्यांचं आकारमान मोजत. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ काढला होता आणि विद्वानांनी तो डोक्यावर घेतला होता. मास्तरची दोरी त्याच दुकानातली.

आणि मास्तरला लागणारी शाई? ती सेथ करून द्यायची. तिच्या हातची शाई त्याला आवडायची.

आता तो प्रसंग. सेथची धाकटी उन्हात झोपलीये आणि माशा तिच्या तोंडावर बसताहेत. त्यासाठी मलमलचा तुकडा मागायला सेथ मालकिणीकडे निघाली आहे. वाटेत मास्तर भाच्यांची शिकवणी घेतोय. तिला आपलं नाव ऐकू येतं, म्हणून ती थबकते. एका भाच्याचं काहीतरी चुकलंय. मास्तर त्याला समजावतो की असं नाही, तिचे माणसाचे गुण डावीकडे लिही, जनावराचे उजवीकडे, आणि ओळी समोरासमोर येतील असं बघ.

यात मास्तर रागावत नाही, हे बघा. चूक दाखवतो, पुन्हा सांगतो, टापटिपीची आठवण करतो. शिकवण्याची पद्धत म्हणून त्यात बोट ठेवायला जागा नाही. मीही वर्गात हेच करते. सेथ काही बोलत नाही. ती पाठ न वळवता मागे मागे चालत जाते आणि झाडाला धडकते. पुस्तकात या प्रसंगाला दीडएक पान आहे. त्यात कुठे चाबूक नाही, पण मला विचाराल तर कादंबरीतला सगळ्यात हिंसक मजकूर तोच.

त्यानंतरचा प्रकार म्हणजे त्या धड्याचं प्रात्यक्षिकच. ते दोघे भाचे सेथला धरतात आणि तिच्या अंगावरचं दूध पितात. मास्तर बघत बघत टिपणं काढतो. तिने मालकिणीजवळ तक्रार केली म्हणून तिला फोडून काढतात. पाठीवर वळ उठतात ते झाडासारखे, फांद्यांसकट. पुढे कित्येक वर्षांनी स्वीट होमवरचाच जुना सोबती पॉल डी तिच्या दारी येतो. तो विचारतो, तुला चाबकाने मारलं? ती म्हणते, आणि त्यांनी माझं दूध घेतलं. तो म्हणतो, पोटुशी असताना मारलं? ती पुन्हा म्हणते, आणि माझं दूध घेतलं. त्याला पाठ दिसतेय. तिच्या पाठीची कातडी केव्हाच मेलीय, तिथे स्पर्शसुद्धा कळत नाही. दुखतंय ते दुसरीकडे आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. मुलांना मी ही चार-सहा वाक्यं मोठ्याने वाचायला लावते. पहिल्या वाचनात मुलंही पॉल डीसारखी पाठीवरच अडकतात.

सिक्सो नावाचा आणखी एक गुलाम आहे. त्याने डुकराचं पिल्लू मारून खाल्लं. मास्तर विचारतो, ही चोरी नव्हे? सिक्सो म्हणतो, नाही मालक, तुमची मालमत्ता सुधारतोय. म्हणजे मी पोटभर खाल्लं की तुमचंच काम चांगलं होणार. उत्तर हुशारीचं आहे हे मास्तरला कळतं. तरी तो त्याला मारतो. व्याख्या करण्याचा हक्क व्याख्या करणाऱ्याचा, ज्याची व्याख्या होते त्याचा नाही, एवढं त्याला शिकवायचं असतं.

आता खोपटाकडे येऊ. बाळाचा गळा कापला गेला होता हे आपल्याला पहिल्याच पानांत कळलेलं असतं. कोणी कापला, हे पहिला भाग संपत आला तरी कळत नाही. आणि सांगायची वेळ येते तेव्हा मॉरिसनबाई ते सेथच्या तोंडून सांगत नाहीत. चार घोडेस्वार येतात: मास्तर, एक भाचा, गुलाम पकडणारा आणि शेरीफ. प्रसंग आपण त्यांच्या डोळ्यांनी बघतो. इतकी पानं ज्यांच्याबरोबर काढली त्या माणसांची नावं इथे एकदम नाहीशी होतात. सेथची सासू बेबी सग्ज उरते ती टोपीवर फूल लावलेली कुणी म्हातारी, आणि नदीपार करून सेथला आणणारा स्टॅम्प पेड हा कुऱ्हाड घेऊन उभा असलेला कुणी वेडा. आपल्याला त्यांना ओळखावं लागतं. वाचक काही मिनिटं वहीच्या उजव्या रकान्यात उभा असतो आणि तिथून बघतो.

मास्तरच्या मनात काय येतं? एखाद्या घोड्याला किंवा कुत्र्याला शिस्तीपलीकडे मारलं की तो बिघडतो, तशी ही बिघडली, भाच्याने मार जास्त दिला. मग तो नुकसान मोजतो. चांगली शाई करायची, सूप छान करायची, कॉलरला मनासारखी इस्त्री करायची, शिवाय अजून दहा वर्षं तरी पोरं झाली असती. शाई पहिली! दुधाच्या वेळी हजर असलेला भाचा थरथरतोय. हिने असं का केलं, हे त्याला उमगत नाही. मार तर त्यानेही खाल्लाय. मास्तरचा हा विद्यार्थी दोन रकाने आखायला शिकला, त्यापलीकडे त्याला काही शिकवलंच गेलं नाही.

सेथचं कारण आपल्याला फार उशिरा कळतं. माझ्या मुलीचे गुण कागदाच्या जनावराच्या बाजूला कुणी, या जगातल्या कुणीही, लिहायचे नाहीत, असं तिचं कारण. मरणापेक्षा तिला त्या रकान्याची भीती जास्त होती. ती बरोबर होती का? मॉरिसनबाई निकाल देत नाहीत. मीही वर्गात हात वर करायला सांगत नाही.

पण पॉल डी निकाल देतो. सगळं ऐकून तो म्हणतो, सेथ, तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. तिच्यावर जीव असलेला माणूस, ज्याच्या स्वतःच्या तोंडात मालकाने लोखंडी लगाम घातला होता, ज्याची किंमत ९०० डॉलर झाल्याचं त्याने कानांनी ऐकलं होतं, तोच ऐन वेळी मास्तरची मोजदाद बोलून दाखवतो. मळा सुटून अठरा वर्षं झाली तरी वही त्याच्या जिभेवर आहे. आघात टिकतो म्हणजे काय होतं, हे या एका वाक्यात दिसतं तितकं मला भुताच्या सगळ्या प्रकरणांत दिसत नाही.

इथे एक आडवळण घेते. कादंबरीचं साल १८७३. त्याच साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या आदराखातर. पुण्यात बसून जोतीरावांना दिसत होता तो त्या लढ्याचा विजय. मॉरिसनबाईंचा स्टॅम्प पेड त्याच सुमारास मोजतोय की केंटकीत एका वर्षात ८७ जणांना झुंडीने मारलं, काळ्यांच्या चार शाळा जाळल्या. तरी दोन्ही पुस्तकं एका ठिकाणी भेटतात. पोथी कुणी लिहिली आणि तीत आम्हाला शूद्र कुणी ठरवलं, हेच जोतीराव पानोपानी विचारतात. 'विद्येविना मती गेली' पाठ करून मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला ही कादंबरी अवघड जाते ती यामुळेच. इथे मती मारायला विद्याच वापरलीय.

डेन्व्हरचं प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. लहानपणी ती एका बाईंकडे अक्षरं शिकायला जात होती, खूश होती. एका मुलाने विचारलं, तुझी आई खुनासाठी तुरुंगात होती ना, आणि तूही तिच्याबरोबर होतीस ना? डेन्व्हरने शाळा सोडली. तोच प्रश्न तिने घरी विचारला आणि उत्तर ऐकावं लागू नये म्हणून तिचे कान बंद झाले, दोन वर्षं. शेवटाकडे हीच डेन्व्हर घराबाहेर पडते, काम शोधते. बॉडविन नावाच्या गोऱ्या, गुलामगिरीविरोधी घराण्यातल्या बाई तिला शिकवू लागतात. ओबरलिनला पाठवू म्हणतात. ओबरलिन खरं आहे, ओहायोतलं ते कॉलेज १८३५ पासून काळ्या विद्यार्थ्यांना घेत होतं, आणि मॉरिसनबाईंचं जन्मगाव लोरेन त्याच परगण्यात आहे. डेन्व्हर हसत सांगते, बाई माझ्यावर प्रयोग करताहेत. पॉल डीच्या ओठांवर येतं, सांभाळ, गोऱ्या मास्तरइतकं धोक्याचं जगात काही नाही. तो ते गिळतो. बॉडविनबाई चांगल्या आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्या मागच्या दाराशी गुडघे टेकलेल्या काळ्या पोराची बाहुली आहे, तोंडात सुटे पैसे ठेवायला. डेन्व्हरने ती पाहिलीय, आणि तरीही ती शिकायला जाते.

शेवटचा प्रसंग सांगते आणि थांबते. भूत निघून गेलंय. सेथ अंथरुणाला खिळली आहे. पॉल डी परत येतो. ती त्याला म्हणते, शाई मी केली होती. मी केली नसती तर त्याला ते जमलंच नसतं. पॉल डी विचारतो, कसली शाई? कोण? आणि ती म्हणते, तू दाढी केलीस. विषय तिथेच सुटतो. माझे काही विद्यार्थी यावर पॉल डीला बोल लावतात की त्याने समजून घ्यायला हवं होतं, 'तुझा दोष नाही' असं तरी म्हणायचं. मला ते पटत नाही. सेथला त्याच्याकडून निकाल नकोच होता, एक त्याने आधी दिला होता. पुढे तो तिचे पाय चोळून देऊ का विचारतो. दोन पाय, पुन्हा तेच. या वेळी तो ते मोजत नाही.