चॅपल: कापलेल्या झग्याचा शब्द

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द चॅपल. चर्चहून लहान, कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या आवारात असतं ते प्रार्थनाघर. शब्द मात्र मुळात अंगावरच्या वस्त्राचा.

गोष्ट चौथ्या शतकातली, आजच्या फ्रान्समधल्या आमिअँ शहराच्या वेशीवरची. हिवाळा असा की माणसं गारठून मरत होती. मार्टिन नावाचा रोमन शिपाई, वय अवघं १८, बाप्तिस्माही अजून व्हायचा होता. वेशीत एक उघडा भिकारी दिसला. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते. मार्टिनने जवळचं होतं नव्हतं ते आधीच वाटून टाकलेलं. उरला होता फक्त खांद्यावरचा झगा. त्याने तलवार उपसली, झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि अर्धा स्वतः पांघरला. ते ध्यान बघून काही जण हसले. काहींना लाज वाटली, कारण त्यांच्या अंगावर तर भरपूर कपडे होते. चित्रकार मार्टिनला हटकून घोड्यावर बसवतात. त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस घोड्याचं नावही काढत नाही, पण चित्रात घोडा शोभतो, काय करणार! त्या रात्री मार्टिनला स्वप्नात येशू दिसला, तोच अर्धा झगा पांघरलेला.

मार्टिन पुढे तूर शहराचा बिशप झाला, ३९७ साली वारला. त्याचा म्हणून जपलेला झगा फ्रँक राजांकडे आला. फ्रँक म्हणजे ज्यांच्यावरून फ्रान्स हे नाव पडलं ते लोक. त्यावर शपथा घेतल्या जात, लढाईला निघताना तो बरोबर नेत.

झगा म्हणजे लॅटिनमध्ये काप्पा. छोटा झगा, काप्पेल्ला. टोपीचं टोपडं, तसं काप्पाचं काप्पेल्ला. झगा ठेवायच्या जागेलाही काप्पेल्ला म्हणू लागले, मग कुठल्याही लहान प्रार्थनाघराला. झगा सांभाळणारा पाद्री काप्पेल्लानुस, तोच इंग्रजी सैन्यातला चॅप्लिन.

जुन्या फ्रेंचमध्ये सुरुवातीच्या 'का'चा 'चा' झाला, म्हणून इंग्रजीत चॅपल. पोर्तुगीजांनी 'क' सोडला नाही: कापेला. त्यावरून गोव्यात कोंकणीत कपेल. काप्पेल्ला, कापेला, कपेल. म्हणजे लॅटिनला इंग्रजी चॅपलपेक्षा गोव्याचं कपेल जवळचं.

आता कुणी म्हणेल, काप्पा म्हणजे आपला कपडाच! नाही हो. कपडा आला संस्कृत 'कर्पट'वरून. आवाज जुळला की सोयरीक जुळवणारे संदेश मोबाइलवर रोज फिरतात. ते पुढे पाठवू नका.

खरी सोयरीक आहे ती एस्केपची. 'एक्स' म्हणजे बाहेर, त्याला जोडला काप्पा. पकडणाऱ्याच्या हाती नुसता झगा राहतो, माणूस पसार!