लिफ्टनं वर, जिन्यानं खाली

(ठाणे, घोडबंदर रोड. सकाळचे सव्वासहा. सोळाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडतं.)

पहिल्या दिवशी वॉचमनकाकांना वाटलं, लिफ्ट बंद पडली. "ताई, चालू आहे की लिफ्ट!" ते खालून ओरडले. ताई तेव्हा दहाव्या मजल्यावर होती. कठड्याला हात न लावता, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत होती. खाली पोचली, लिफ्टमध्ये शिरली आणि पुन्हा सोळा नंबरचं बटण दाबलं.

ताईचं वय एक्केचाळीस, नोकरी खुर्चीतली. फेब्रुवारीत ती गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार आहे. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटरवर. ठाण्यातला बर्फ रसवंतीच्या ग्लासातला. हातात आठ आठवडे.

मग ही उलटी गंगा कशाला?

स्कीइंग म्हणजे नुसता उतार. वर न्यायला गोंडोला असतो, दोरीची लिफ्ट असते. खाली येताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक होतात, म्हणजे ताणले जात असतानाच जोर धरून ठेवतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सांगायला नको. गड चढताना दम लागतो, गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. सायकल मारून छाती तयार होते. ब्रेक तयार करायला उतरावंच लागतं.

या कामाची एक खोड आहे, शिक्षा उशिरा मिळते. पहिल्या रविवारी ताई तीन वेळा हसत हसत उतरली. मंगळवारी तिला कमोडवर बसवेना, इतक्या मांड्या भरून आल्या. पुढच्या रविवारी पायऱ्या तेवढ्याच, दुखणं मात्र किरकोळ. एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी तयारीत असतो. हा मंगळवार ठाण्यातच उरकायचा. नाहीतर तो गुलमर्गमध्ये येतो, कोर्सच्या तिसऱ्या दिवशी, पाय लटपटत असताना.

(सतरंजी. टाचा सोफ्यावर, कंबर हवेत. मांडीची थरथर जवळून.)

स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त मार खातो गुडघा. पूर्वी नडगी मोडायची. जोर आला की बूट सोडून देणारं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, आलं आणि ते प्रमाण घटलं, पण गुडघ्याला तेवढं संरक्षण मिळालं नाही. त्यात भीती. उतार दिसला की माणूस मागे रेलतो, आरामखुर्चीत बसल्यासारखा. बूड गुडघ्यांच्या खाली जातं, वजन स्कीच्या शेपटीवर येतं आणि ती लांब पट्टी तरफेसारखी गुडघा पिळते. एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटतं ते असं. नडगी पुढे सरकू न देण्याचं काम हॅमस्ट्रिंग करतात, म्हणजे मांडीचे मागचे स्नायू. ते आपण दिवसभर खुर्चीवर दाबून ठेवतो. म्हणून ही सतरंजी. आधी दोन्ही पायांवर, तीन आठवड्यांनी एकेका पायावर.

ताईची आई अडुसष्ट वर्षांची. उकिडवं बसून मेथी निवडते, टाचा जमिनीला टेकलेल्या. ताई तशी बसायला गेली की टाचा उचलल्या जातात आणि ती मागे कलंडते. आईला हसू आवरत नाही. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्कीवर नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी. घोटा वाकत नसेल तर अंग मागेच जातं. आता रोज दोघी मिळून भाजी निवडतात.

तोलाचं म्हणाल तर आपल्याला वाटतं, तो लोकलनं घडवलाय. अर्धंच खरं आहे. गर्दीत आपण पाय ताठ करून उभे राहतो. इथे गुडघे सैल हवेत. दात घासताना एका पायावर, गुडघा किंचित वाकवून उभं राहून बघा.

पडायचीही तयारी लागते. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या संशोधकांनी स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर मदतीला फिरणाऱ्या लोकांना गुडघा कसा जातो याचे व्हिडिओ दाखवून शिकवलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शिकलेल्यांमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. शिकवण साधी होती: तोल गेलाच तर घसरणं थांबेपर्यंत उठायची धडपड नको, पाय सरळ करायचे नाहीत. आणि हातातली काठी सोडायची, नाहीतर अंगठ्याचं लिगामेंट जातं.

स्की भाड्याने घेताना वजन विचारतात. तिथे लाजून चार किलो कमी सांगू नका. बाइंडिंग किती जोरावर सुटायचं ते वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुमची तयारी पाहून ठरतं. कमी सांगितलं तर भलत्याच वेळी सुटतं. फुशारकी मारून स्वतःला तरबेज म्हणवलं, तर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही.

गुडघा आधीपासून दुखत असेल किंवा सुजत असेल, तर जिन्याच्या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

(फेब्रुवारी. लॉबीत बॅग. वॉचमनकाका.)

निघायच्या आधीचे चार दिवस जिना बंद, पायांना विश्रांती. वॉचमनकाका मात्र काळजीत.

"ताई, आज खालीपण लिफ्टनंच?"